दत्तू अण्णांची गाडी का वाजते

आमच्या शेजारचे दत्तू अण्णा गाडी लॉक करतात, चारी दारांची हँडलं ओढून बघतात, फाटकापर्यंत येतात आणि परत जाऊन डिकी ओढतात. गॅस, नळ, पाण्याची मोटर, सगळ्यांची हीच तऱ्हा. माणूस वीज खात्यातून रिटायर झाला, त्याची तपासणीची सवय काही रिटायर झाली नाही. शंका आली की एवढंच म्हणतात, "कायतरी हाय. उगंच न्हाय."

अण्णा मूळचे उचगावचे, गप्पांचे लई शौकीन. पण आक्कांना, म्हणजे त्यांच्या बायकोला, अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. तेव्हापासून अण्णा पलंगाशी खुर्ची टाकून बसले ते बसलेच. आक्कांनी नुसते डोळे मिटले तरी घाबरून हलवून जागं करायचे. गल्लीत येणं बंदच झालं.

अशात अंगणातली त्यांची गाडी वाजायला लागली. चोर आल्यासारखी बोंब नव्हे. मधूनच एक 'टुंक', दिव्यांची उघडझाप, की गप्प. अण्णा अनवाणी बाहेर धावायचे. आधी मांजरावर संशय, मग उंदरावर, मग माझ्या स्कूटरवर. आम्ही शेजारी जमायचो. कुणी टॉर्च धरायचं, कुणी चहा आणायचं. बॉनेटखालचा गंजलेला स्विच अण्णांनी पॉलिश पेपरनं घासला, रिमोटचा सेल बदलला. संध्याकाळी परत 'टुंक'.

आम्हाला गंमत वाटत होती, अण्णांची झोप उडाली होती. मला बाजूला घेऊन म्हणाले, "रातचं हिला काय झालं आनि गाडीच चालू न्हाय झाली तर, काय करू रं?"

शेवटी उद्यमबागेतला मेकॅनिक घरी बोलावला. त्यानं सगळं तपासलं आणि कन्नडमध्ये विचारलं, दुसरी किल्ली कुठं आहे? गाडी लॉक असताना किल्लीवरचं लॉकचं बटण परत दाबलं तर ती अशीच वाजते, म्हणाला.

दुसरी किल्ली आक्कांच्या उशाजवळच्या खणात असायची. अण्णा आणि मी आत गेलो. खण रिकामा. आम्ही शोधत असतानाच बाहेर गाडी वाजली.

अण्णांनी आक्कांच्या डाव्या हातावरची गोधडी बाजूला केली. मुठीत किल्ली होती.

"तू वाजवत हुतीस? का गं? पानी पायजे हुतं?"

आक्कांनी मान हलवली. नाही. मग खिडकीकडे हात केला. बाहेर गाडीभोवती आमची मंडळी कप घेऊन उभी होती. तोच हात त्यांनी अण्णांच्या छातीला लावला आणि त्यांना दाराकडे हळूच ढकललं.

अण्णांनी खिडकीतून बाहेर बघितलं. "मला भाईर घालवाय व्हय?" त्यांनी विचारलं. आक्कांचा अर्धा चेहरा हसला.

मला वाटलं, आता किल्ली काढून घेतील. अण्णांनी ती आक्कांच्या मुठीत नीट बसवली. "दाब. पर खरंच काय दुखलं-खुपलं तर दोनदा दाब."

मेकॅनिकला त्यांनी दोष सापडला एवढंच सांगितलं आणि आमच्यात येऊन बसले, तोंड खिडकीकडे करून. गप्पा रंगल्या, गाडी मात्र गप्प होती. अण्णांना तेही सोसेना. चहा अर्धा ठेवून आत डोकावून आले.

"निजलीया," म्हणाले, आणि कप उचलला.