साहेबांच्या मोटारीची तहान

माझ्या तोंडून 'जी' हा शब्द फार लवकर निघतो. समोरच्याचा प्रश्न पुरता व्हायच्या आत निघतो. निजामी अमलात हिंगोलीच्या तामिरात कचेरीत, म्हणजे रस्ते आणि पूल बांधणाऱ्या खात्यात, सात वर्षं कारकुनी केली की तोंडात दुसरा शब्द राहत नाही. अशाच एका 'जी'ने माझी झोप, भूक आणि दोन शेर वजन घालवलं.

१९३८ सालचा पौष होता. आमचे साहेब तीन आठवड्यांच्या रजेवर हैदराबादला निघाले होते. त्यांची एक तांबडी, बसकी, दोन सीटची विलायती मोटार होती. शर्यतीत पळवायची म्हणे. (हिंगोलीत तिच्याशी शर्यत लावायला टांगे तेवढे होते.) साहेबांनी मला बोलावून विचारलं, "राधाकिशनराव, मोटर चलाना आता है?"

"जी."

खरं सांगायचं तर मी आयुष्यात एकच यंत्र चालवलं होतं, ते खात्याचं रोड रोलर. तेही चाळीस पावलं. आणि ते मी थांबवलं नव्हतं, तहसिलीच्या भिंतीने थांबवलं होतं.

साहेबांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. रोज पहाटे नरसीच्या रस्त्याने पाच मैल जाऊन परत यायचं, नाहीतर बॅटरी मरते. पुढच्या जाळीमागे रेडिएटर आहे, त्यातलं पाणी रोज बघायचं. मग त्यांनी आवाज खाली आणला. "पानी गया तो इंजन गया. इंजन गया तो तुम गये." कुठे गये, ते मला माहीत होतं. आदिलाबादच्या जंगलात एक जागा रिकामी होती. आधीचा कारकून तापाने गेला आणि त्याच्या आधीचा वाघाने, असं कचेरीत बोलत.

मोटार आमच्या अंगणात आली. तेव्हा घरात आम्ही तिघं होतो. मी, माझी बायको कालिंदी, आणि सेनगावहून महिनाभर राहायला आलेल्या तिच्या आत्या, जिवनबाई. आत्याबाईंचं सोवळं इतकं कडक, की एका घरी भाजीत कांद्याचा वास आला म्हणून त्यांनी त्या घराची पायरी बारा वर्षं चढली नव्हती. मी साहेबांना भीत होतो, हे खरं. पण साहेब हैदराबादला होते आणि आत्याबाई माजघरात होत्या.

पहिले दोन दिवस बरे गेले. पहाटे मी जायचो, उजाडता उजाडता परत यायचो. आल्याबरोबर घटकाभर आत आडवा व्हायचो. मग कालिंदी हाक मारायची, "पाणी काढलंय." आत्याबाईंची अंघोळ झाली की मी न्हाणीत जायचो. थंडीत कढत पाणी अंगावर घेतलं की जिवात जीव यायचा. जेवताना कालिंदी तांबटाकडे दुरुस्तीला दिलेला, पाणी तापवायचा गळका बंब आणायची आठवण करायची, आणि मी 'जी' म्हणायचो.

तिसऱ्या दिवशी पहाटे रेडिएटरचं झाकण उघडलं तर आत खडखडाट. थेंब नाही.  दोन कळशा ओतल्या तेव्हा ते भरलं. पाच मैलांच्या दगडाशी थांबून पाहिलं, भरलेलं. घरी आल्यावर पाहिलं, काठोकाठ. संध्याकाळी कचेरीतून येऊन पाहिलं, कोरडं.

मी मोटारीखाली पालथा पडून जमीन चाचपली. माती वाळलेली, ओलीचा डागसुद्धा नाही. चालताना पाणी जात नव्हतं, उभ्या उभ्या जात होतं, आणि जात होतं ते कुठेच पडत नव्हतं.

हे रोज व्हायला लागलं. मी दोन भरलेल्या कळशा शेजारच्या सीटवर ठेवून मोटार चालवायला लागलो. नरसीच्या रस्त्यावर एका म्हाताऱ्याने हात करून विचारलं, "दूध काय भाव?" मला हसू आलं नाही. वाटेत कयाधूच्या काठाला मसणवटा लागायचा. तिथलं काही तहानलेलं माझ्यामागे घरापर्यंत येतं, असं मला वाटू लागलं. वाटू लागलं म्हणजे काय, खात्रीच झाली. पाचव्या दिवशी मी मोटारीच्या नाकावर लिंबू-मिरची बांधली. दिवसभरात पाणी गेलंच, आणि मिरच्या कालिंदीने सोडून फोडणीत टाकल्या.

शेवटी मी खेमा मिस्त्रीला गाठलं. खेमा कापसाच्या जिनिंगमधली इंजनं दुरुस्त करायचा. त्याने रबरी नळ्या दाबून पाहिल्या, जाळीवरून बोट फिरवलं, तेलाची काडी काढून हुंगली.

"तेलात पानी न्हाई," तो म्हणाला. "भाईर गळत न्हाई. मंग गेलं कुठं?"

"तेच तर तुला विचारतोय."

"इंजनच पिऊन राहिलं सायेब. आत बारीक फट आसंल. गरम झालं की उघडत आसंल. बघा, धूर पांढरा निघून राहिला."

(त्या थंडीत माझ्या तोंडातूनही पांढराच निघत होता. मी तोंड मिटून घेतलं.)

"उपाय काय?"

"हाय की. दोन अंडी."

मी इकडेतिकडे पाहिलं. "हळू बोल. कशाला?"

"रेडिएटरात फोडून टाकायची. गरम पान्यात शिजत्यात, फटीत जाऊन बसत्यात. आमच्या जिनातलं इंजन तीन साल चाललं त्याच्यावर. पन एक बराबर ध्यानात ठिवा, इंजन गरम आसताना झाकन उघडू नका, भाजंल."

अंडं. आमच्या अंगणात. जिवनबाईंपासून वीस हातांवर. एका बाजूला आदिलाबादचा वाघ आणि दुसऱ्या बाजूला सेनगावच्या आत्याबाई. मी रात्रभर तळमळलो आणि सकाळी वाघाला जास्त भ्यालो.

मोटार घेऊन गेलो तर ठरल्याप्रमाणे खेमा नदीपाशी उभा होता. त्याने पागोट्यातून अंडी काढली. मी डोळे मिटून ती फोडली (मुंजीनंतर अंड्याला पहिल्यांदाच हात लागला) आणि रेडिएटरात सोडली. नदीत कोपरापर्यंत हात धुतले, वाळूने घासले, पुन्हा धुतले. मग पाच मैल जाऊन परत आलो. त्या दिवशी मला आडवं होववेना. खिडकीशी उभा राहिलो.

कालिंदी बादली घेऊन अंगणात आली. मोटारीच्या नाकापुढे उकिडवी बसली, खालून हात घातला आणि काहीतरी फिरवलं. बादलीत वाफाळलेली धार पडू लागली. तिथे खाली एक छोटा नळ होता. मला तो माहीत नव्हता. माझ्या बायकोला माहीत होता.

मी धावलो. "अगं, काय करतेस?"

"पाणी काढून राहिले."

"कुठून?"

"बंबातून."

"बंब तांबटाकडे आहे."

"तो आपला. हा साहेबांचा." तिने शांतपणे नळ बंद केला. "वरून पाणी ओतायचं, पोटात जाळ, खाली नळ. बंब न्हाई तर काय?"

"रोज काढतेस?"

"रोज. तुम्ही पहाटे उठून भरता, एवढ्या थंडीत तापवून आणता." तिने मान खाली घातली. "आपला बंब आणायचं तुमच्या ध्यानात राहत न्हाई, म्हणून मी रागावले होते. मग म्हटलं, माणूस तोंडानं बोलत न्हाई, पण करतो."

लग्नाला नऊ वर्षं झाली होती. या नऊ वर्षांत तिने माझं एवढं कौतुक केलं नव्हतं. मला लाज वाटली. तरी मी म्हणालो, "तुझ्यासाठीच."

तिने बादलीजवळ नाक नेलं. "आज वास कसला येऊन राहिला?"

"औषध," मी म्हणालो. "मोटारीचं."

ती बादली घेऊन न्हाणीकडे गेली. मला ओरडायचं होतं, पण ओरडून सांगणार काय? आत आत्याबाईंनी गंगेचं स्तोत्र सुरू केलं आणि तांब्याने पाणी पडू लागलं. मी बाहेर उभा राहून एकेक तांब्या मोजत होतो. तेवढ्यात कालिंदी म्हणाली, "तुमचंही काढलंय." मोटारीची बादली आत्याबाईंना गेली, म्हणजे माझी चुलीवरची, असं मी धरून चाललो. अंधाऱ्या न्हाणीत बसून, अंडं शिवलेला देह शुद्ध व्हावा म्हणून मी डोक्यावरून घेतलं, चार तांबे जास्त घेतले. जानवंसुद्धा चोळून धुतलं. बाहेर येऊन म्हणालो, "आज पाणी कसं मऊ लागलं."

त्याच दिवशी मी बंब घरी आणला आणि नदीवर नेऊन रेडिएटर चार वेळा धुतला. त्यानंतर थेंबभर पाणी हललं नाही. पण माझा घोर गेला नाही. आत्याबाई शिंकल्या की मी दचकायचो. त्या खाजवायला लागल्या की मी उठून बाहेर जायचो. आठ दिवसांनी त्या सेनगावला निघाल्या तेव्हा मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि ते लवकर उचललंच नाही. त्या म्हणाल्या, "किती गुणाचं लेकरू."

साहेब परतले. झाकण उघडून वाकून पाहिलं. "पानी तो शीशे जैसा है. पूरी जंग निकाल दी तुमने." आदिलाबादला दुसराच कोणी गेला. साहेबांनी विचारलं, पुढच्या रजेतही ठेवाल का? मी काय म्हणालो ते तुम्हाला माहीत आहे.

त्या आनंदात दुपारी जेवताना मी कालिंदीला सगळं सांगून टाकलं. अंडी, खेमा, आत्याबाईंची अंघोळ, माझे आठ दिवस. ती घास हातात धरून ऐकत राहिली.

"आत्याला काहून देईन ते?" ती म्हणाली. "औषधाचा वास. म्हाताऱ्या माणसाला सोसलं न्हाई तर? तिला चुलीवरचं दिलं."

"मग ती बादली?"

"तुम्हाला. म्हटलं, तुम्हाला मोटारीतलं सगळं कळतं, तुम्हाला चालेल."

 तिने माझं ताट उचललं, शेणगोळा आणायला उठली आणि दारातून वळून म्हणाली, "आता पुन्हा न्हाऊन या. अन् गारच घ्या. बंब परत गळून राहिला."