दुसऱ्या अंतऱ्यानंतरचा ‘अहाहा!’

जुना सिनेमा आणि त्याचाच नवा अवतार, दोन्हींची गाणी समोर ठेवून डावं-उजवं करायचं असेल, तर आमच्या ऑफिसात माणूस एकच. मी! निदान त्या सोमवारपर्यंत मला असंच वाटत होतं. आता वाटतं, त्या दिवशी माझी दातखीळ बसली असती तर फार बरं झालं असतं.

जेवणाची सुट्टी होती. टायपिस्टने मोबाइलवर नव्या सिनेमातलं गाणं लावलं.

“चोरी केली, तीही अर्धवट!” मी म्हणालो. “दुसऱ्या अंतऱ्यानंतर गायक ‘अहाहा!’ म्हणतो, ते कुठाय? आणि ते ठकठक वाजणारं लाकडी वाद्य? गाण्याचा जीवच काढून घेतलाय मेल्यांनी!”

टायपिस्टने मुकाट्याने मूळ गाणं लावलं. त्यात अहाहा नाही. ठकठक तर नाहीच नाही!

“ही कापलेली प्रत आहे!” मी टेबलावर मूठ आपटली. हेडक्लार्क बाईंचा चहा फायलीवर सांडला. “घरी अस्सल कॅसेट आहे. लहानपणापासून ऐकतोय!”

“मग आणा की,” बाई फाइल पुसत म्हणाल्या.

ती कॅसेट आईची. रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून वडिलांनी भरलेली. वडील गेले तेव्हा मी दोन वर्षांचा होतो. त्यांच्या हातची एवढीच वस्तू घरात उरलेली. आई रोज एकदा ती लावायची आणि डोळे मिटून ऐकत बसायची. तिला विचारायला हवं होतं हो! पण मला घाई. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आंघोळीला गेली आणि मी कॅसेट खिशात घातली.

“ऑफिसात ऐकवायचंय, पेनड्राइव्हवर एकदम खणखणीत करून द्या,” रेडिओ दुरुस्तीवाल्याला मी बजावलं.

“बिनधास्त राहा, साहेब!”

संध्याकाळी त्याने पेनड्राइव्ह हातात दिला. गाणं कसं, धुऊन इस्त्री केल्यासारखं! फक्त अहाहा गायब.

“मध्येच कोणीतरी बोलत होतं, काहीतरी बडवत होतं,” तो छाती फुगवून म्हणाला. “सगळं साफ केलं!”

“अहो, तोच तर पुरावा होता! माझी कॅसेट द्या परत!”

“फीत पार कुजली होती. एकदा वाजली आणि तुकडे झाले. टाकून दिली.”

“आणि साफ करायच्या आधीची प्रत?”

“कचरा कशाला ठेवू, साहेब?”

मी तणतणत घरी आलो. “आई, तुझी कॅसेट साफ करायला दिली, तर त्या गाढवाने गायकाचा अहाहा कापला आणि फीतही टाकून दिली!”

आई हळूच खुर्चीत बसली.

“गायकाचा नव्हता रे तो,” ती म्हणाली. “तुझ्या बाबांचा होता. सगळ्या घराला गप्प बसवलं होतं, आणि स्वतःलाच राहवलं नाही.”

“आणि ते लाकडी वाद्य?”

“हे टेबल.”

मी टेबलावरचा हात चटकन उचलला. चाळीस वर्षं बापाचा आवाज ऐकत होतो, आणि मला पत्ता नाही! कळलं कधी, तर तो पुसून आणल्यावर. मला माझीच इतकी लाज कधी वाटली नव्हती.

“कधी सांगितलं का नाहीस?”

“सांगायचं काय त्यात? रोज तर बोलत होते.”

मग तिनेच ते नवं भरलेलं गाणं लावायला सांगितलं. दुसरा अंतरा संपला. सवयीने तिने मान जराशी वर केली आणि तशीच थांबली. मला ते बघवेना. टेबलावर ठेका धरून मी जीव तोडून ओरडलो, “अहाहा!”

आईने डोळे पुसले आणि माझ्याकडे बघून कशीबशी हसली.

“राहू दे रे,” ती म्हणाली. “जुन्याची सर नाही.”