राधाबाईच्या ताब्यातला शब्द

बुधवारी सकाळी पावणेअकराच्या सुमारास आंबेखोलच्या थांब्यावर लवूने तो शब्द उच्चारला, आणि सर्व्हिस मोटार सुटली. असे काही घडलेले नाही. मोटार उतारामुळे आपोआप सुटली, असा गावाचा एकमताने ठराव झालेला आहे. थांब्याजवळ उतार नाही, पण त्याबद्दल वेगळा ठराव अजून झालेला नाही. तेव्हा आपण सुरुवातीपासून सुरुवात करू.

लवू मुंबईला बंदरावरच्या गोदामात अकरा महिने होता. तिथून त्याने एक ट्रंक आणि एक इंग्रजी शब्द आणला. ट्रंकेला कुलूप होते. गोदामातल्या मुकादमाचे सगळे काम त्या एका शब्दावर चाले. पेटी नीट बसली की मुकादम म्हणे 'राइट'. पेटी उजवीकडे सरकवायची असली तरी राइट. हक्काची रजा मागणे हा मजुराचा राइट, आणि ती न देणे हा मुकादमाचा. शेवटी लवूला कामावरून कमी केले तेव्हाही मुकादम तेवढेच म्हणाला, आणि लवूने त्याला तेच उत्तर दिले.

गावात आल्यावर लवूने तो शब्द कधी खाली ठेवला नाही. पेजेत मीठ राइट, वहाणेचा अंगठा राइट. शेजाऱ्याची म्हैस मेल्याचे कळले तेव्हाही तो मान हलवून "राइट" म्हणाला आणि शेजारी चार दिवस बोलला नाही. गावाला मात्र शब्द आवडला. मास्तर पाटीवर तशी खूण करत, कवायतीत पोरे त्याच शब्दावर वळत, आणि मोटार तर कंडक्टरने तो म्हटल्याशिवाय हलतच नसे. महिन्याभरात अख्खे आंबेखोल राइट झाले.

आता लवूचे मन बसले होते शेवंतीवर. कसालच्या बाजारात दत्तारामशेठचे भुसाराचे दुकान होते. तिथे त्यांच्या ह्या मुलीने एकदा लवूला कांदे तोलून दिले. तो "राइट" म्हणाला आणि ती तोंडाला पदर लावून हसली. तेव्हापासून लवूच्या घरात कांदा कमी पडेना. शेवटी आईने, सुभद्राकाकीने, मागणी घातली आणि दत्तारामशेठ मुलगा बघायला आंबेखोलला आले.

"विडी ओढतास?" त्यांनी विचारले.

"राइट."

"म्हणजे ओढतास?"

"राइट, राइट," लवू घाईघाईने नकारार्थी मान हलवत म्हणाला.

शेठनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "काकी, झिल तुमचो बरो आसा. पण एका शब्दावर माझ्या चेडवान जन्म काढूचो? बुधवारी दुपारी बारा वाजता कुडाळची माणसा चेडवाक बघूक येतत. तेच्या आधी तुम्ही येवा. झिल घेवन येवा, तो शब्द हंयच ठेवन येवा."

सुभद्राकाकी तडक रवळनाथाच्या देवळात गेली. तिथे धोंडू घाडी गावाच्या वतीने गाऱ्हाणे, म्हणजे देवापुढचे मागणे, घालायचा. त्याचा आवाज खाडीपलीकडे जाई, आणि एकदा सुरू झाला की स्वतः धोंडूलाही तो थांबवता येत नसे. प्रत्येक वाक्यानंतर जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचे, आणि जो म्हणेल तो त्या बोलण्याला बांधला गेला, हा रिवाज. जमलेल्यांचे लक्ष नारळाच्या फोडीकडे असते, हाही रिवाजच.

"बा देवा म्हाराजा, सुभद्रेच्या झिलाच्या तोंडातलो तो इंग्रजी शब्द काढून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

इथे थांबायला हरकत नव्हती. पण धोंडू रंगात आला होता. "आणि तेच्यावांगडा गावातलो ल्हानथोर, इलो-गेलो, जो कोण हंय उभो आसा, तो जर ह्यापुढे ता बोलात, तर लवूचा लगीन मोडात रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" असे सगळा गाव म्हणाला. खोबरे घ्यायला वाट वाकडी करून आलेला मोटारीचा कंडक्टर सत्यवानही म्हणाला, आणि सगळ्यांत मोठ्याने म्हणाला.

बुधवारी दहाला मोटार आली. लवू, सुभद्राकाकी, धोंडू आणि लग्न ठरताना बघावे म्हणून निघालेली वीस माणसे आत बसली. सत्यवानने दार लावले, छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडले, आणि मिटले.

पुढे ड्रायव्हर शिवा वाट बघत होता. फोंडाघाटच्या ह्या शिवाने मागे एकदा कंडक्टरचा शब्द न ऐकता गाडी सोडली होती आणि एका वरमाईला घाटाच्या मध्यावर विसरून आला होता. तिने दिलेले शिव्याशाप ऐकून त्याने घाटातल्या देवीसमोर शपथ घेतली, की राइट कानावर पडल्याशिवाय चाक हलवायचे नाही. सत्यवानने पत्रा बडवला. शिट्टी घातली. "चल" म्हणाला, "जा" म्हणाला, शेवटी "बाबा रे" म्हणाला.

"पत्र्यावर सपत नाय घेतलंय मी," शिवा शांतपणे म्हणाला.

"मगे तूच म्हण आणि सोड," धोंडूने तोड काढली.

"मीच म्हणूचा, मीच आयकूचा? मगे कंडक्टर कित्याक ठेवलोहा, शोभेक?"

सगळ्यांनी सत्यवानकडे बघितले. त्या दिवशी तो शोभेलाही उपयोगी नव्हता. साडेदहा वाजले. कसालला पोचायला तास हवा. तेवढ्यात सुभद्राकाकीला आठवले, की थांब्यासमोरच्या राधाबाईच्या घरी सून बाळंत झाली आहे. घरात सोयर, म्हणजे राधाबाई गाऱ्हाण्याला देवळात नव्हती. म्हणजे अख्ख्या गावात तिचे एकटीचे तोंड मोकळे. लवू उडी मारून खाली उतरला.

राधाबाई खळ्यात सुके बांगडे राखत बसली होती. "काकी, माझ्यासाठी एक शब्द म्हण," लवू म्हणाला.

"खंयचो?"

"तो."

"तो म्हणजे खंयचो, मेल्या?"

लवूने उजवा हात वर केला. "उजवो," राधाबाई म्हणाली. लवूने धुळीत मास्तरांसारखी बरोबरची खूण काढली. "कोयती," राधाबाई म्हणाली. मग सत्यवानने मोटारीच्या दारात कवायतीसारखे पाय आपटून वळून दाखवले. राधाबाई बांगडे जवळ ओढत म्हणाली, "हेका काय लागीर झाला?"

खिडकीतून धोंडू ओरडत होता, की लवू, तू बोलू नको, लगीन मोडात. आत सुभद्राकाकी देवाला हात जोडत होती. लवूच्या डोळ्यांपुढे शेवंती कुडाळच्या कुणाला तरी कांदे तोलून देताना दिसू लागली. तो पुन्हा पुन्हा उजवा हात वर करू लागला.

राधाबाईला दया आली. "दमलंस रे झिला. वायच चाय घेतंस?"

"राइट," लवू म्हणाला.

अकरा महिन्यांची सवय होती. शिवाने ते ऐकले, गिअर टाकला, आणि बावीस माणसे व सत्यवान यांना घेऊन मोटार कसालच्या दिशेने धुरळ्यात नाहीशी झाली. खाली लवू उरला.

"तोच होयो होतो?" राधाबाई म्हणाली. "ता माका येता मा. तू इल्यापासून दुसरा काय आयकाक गावता?"

इकडे मोटार कसालला पोचली तेव्हा बाराला दहा मिनिटे होती. बावीस माणसे दत्तारामशेठच्या पडवीत ओळीने बसली. शेठनी विचारले, नवरोमुलगो खंय आसा? आता तो शब्द उच्चारल्याशिवाय हे कुणाला सांगता येणार? शेठनी प्रवास बरा झाला का विचारले. "बरो," बावीस जण म्हणाले. चहा गोड आहे का विचारले. "गोड." पानात चुना बेताचा पडला का विचारले, तेव्हा धोंडूचे ओठ हलले, पण सुभद्राकाकीने त्याला चिमटा काढला.

तो शब्द यायच्या जागीही बावीसांतल्या एकाच्याही तोंडून तो येत नाही, हे शेठनी हेरले. मग त्यांचे डोळे भरून आले. "मी एका झिलाक सोडूक सांगलंय," ते म्हणाले, "हेनी अख्ख्या गावान सोडल्यानी. असल्या गावात माझा चेडू सुखी रवतला." कुडाळची माणसे उंबऱ्यावरूनच परत गेली.

लवू चालत चालत दिवे लागायच्या वेळेला पोचला. शेवंतीने त्याला पाण्याचा तांब्या दिला आणि "माझ्यावांगडा संसार करतालास?" असे विचारले. लवूने तोंड उघडले, मिटले, आणि मान हलवली. त्यांचा संसार आजही मानेवर चालू आहे.

लवू थांब्यावर बोलला ते बोललाच; त्यामुळे लग्न मोडू नये यासाठी गावाने उताराचा ठराव केला. राधाबाईने तो मान्य करावा म्हणून मोटार सोडायचा मान तिला दिला. तेव्हापासून तिची पेज उतरल्याशिवाय मोटार सुटत नाही. एकादशीला तर ती बोलतच नाही. अखेर बावीस सह्यांचा अर्ज रत्नागिरीला कलेक्टर कचेरीत गेला. त्याचा शेवट असा:

'तरी सदर इंग्रजी शब्द गावात विनावापर पडून असून तो एकट्या राधाबाईंच्या ताब्यात आहे. सबब सरकारने तो परत घेऊन मूळ मालकाकडे विलायतेस पाठवावा, आणि त्याबदली तितक्याच कामाचा दुसरा एक शब्द, नवा शिल्लक नसल्यास वापरलेलाही चालेल, पावसाळ्यापूर्वी मौजे आंबेखोल या गावास मंजूर करावा, ही नम्र विनंती.'