पंचाच्या डोळ्यांचा रकाना

फुटबॉल संघटनेने पंचांच्या मदतीसाठी व्हिडिओ यंत्र घेतले, तेव्हा पंचांना अतिशय आनंद झाल्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. पंच सभेला नव्हते. त्यांना त्यांचा आनंद टपालाने कळवण्यात आला.

सोबत नियम होते. यंत्राने निर्णय तीनदा फिरवला, तर परवाना रद्द. निर्णयच न देता प्रकरण यंत्राकडे धाडले, तर ती चूक धरली जाणार नाही.

आपले पंच अठरा वर्षे शिट्टी फुंकत होते. पहिल्याच महिन्यात त्यांचे दोन निर्णय फिरले. एकदा एका खेळाडूचे नाक ऑफसाइड निघाले, दुसऱ्यांदा त्याच नाकाची सावली.

"अहो, दोनदा बघून झालं," बायको म्हणाली. "आता काही बघू नका. दिसलं तरी."

पंचांनी ते मनावर घेतले. कोणी काहीही विचारले, की ते हवेत बोटांनी चौकोन काढत, म्हणजे प्रकरण यंत्राकडे. चेंडू बाहेर गेला? चौकोन. नाणेफेकीत छापा की काटा? चौकोन.

यंत्र काटकसर समितीने निवडले होते. त्यामुळे ते जुने दाखवत असताना नवे टिपत नसे. शिवाय तपासणीपायी सामने लांबू लागले, म्हणून तपासणी चालू असताना खेळ चालूच ठेवावा, असे परिपत्रक निघाले. ही दोन्ही कामे दोन वेगळ्या समित्यांची असल्याने त्यांत कोणालाच विसंगती आढळली नाही.

शेवटच्या सामन्यात बेकरी कामगारांचा संघ होता; जिंकला तरच तो वरच्या गटात टिकणार होता. शेवटची पाच मिनिटे, बरोबरी. मैदानाच्या मधोमध चेंडू कोणाच्या तरी हाताला लागला की बाहीला, यावर पंचांनी चौकोन काढला. नऊ हजार माना मोठ्या पडद्याकडे वळल्या. हात की बाही, हे अकराव्यांदा दाखवले जात असताना बेकरीच्या भट्टीवाल्याने चेंडू जाळ्यात मारला. समोरचा गोलकीपरही पडद्याकडेच बघत होता. पंच मात्र चेंडूपाठोपाठ येऊन जाळ्यापासून तीन पावलांवर होते.

"पंचकाका, गोल!" भट्टीवाला ओरडला.

संघटनेचे चिटणीस फाइल घेऊन धावत आले. "यंत्रात काही नाही. पाहिला कोणी?"

"काकांनी! काका, सांगा ना. तुमच्या नाकासमोरून गेला."

"पंचाची नजर हा रकाना आम्ही फॉर्ममधून काढलाय," चिटणीस म्हणाले. "तरी तोंडी विचारतो. दिसला?"

पंचांनी खिशावरून हात फिरवला. परवाना जागेवर होता. मग त्यांनी, भट्टीवाल्याकडे न बघता, हवेत चौकोन काढला.

"यंत्रात नसेल, तर झाला नसेल."

"अहो काका, चेंडू अजून जाळ्यात आहे!"

"तो तिथे कसा आला, त्याची चौकशी करू," चिटणीस म्हणाले आणि त्यांनी नोंद केली.

बेकरीचा संघ खालच्या गटात गेला. पंचांचा 'निर्दोष पंच' म्हणून सत्कार झाला. हल्ली ते नव्या पंचांना शिकवतात. पहिला आठवडा नुसते चौकोन.

चौकशी अजून चालू आहे. गोल पाहणारा एक साक्षीदार पुरे, म्हणून भट्टीवाला प्रेक्षकांच्या घरोघर फिरतो. तुमच्याकडेही आला होता. तुम्ही तिसऱ्या रांगेत होतात, अगदी गोलच्या मागे. त्याने विचारले, गोल झाला होता ना? तुम्ही म्हणालात, "थांब हं, मोबाइलवर सापडतो का बघतो."