कोटेशनसाहेबांची चढाई

परीक्षा द्यायची हे कोटेशनसाहेबांनी लिफ्टमध्ये ठरवलं. तळमजल्यावर तसा काहीच विचार नव्हता, पण चौथ्या मजल्यावर उतरले ते निर्धार करूनच. मधल्या वेळात टायवाल्याने सहज म्हणून सांगितलं होतं, "सर, ऑफिसात कॉम्प्युटरच्या सुरक्षेसाठी सिक्युरिटी सेल निघतोय. पेनिट्रेशन टेस्टिंगची परीक्षा जो पास होईल, तो सेलचा प्रमुख. मी बसतोय."

टायवाला हा साहेबांच्याच हाताखाली नोकरीला लागलेला मुलगा. (मुलगा म्हणजे पस्तिशीचा. पण आपल्यानंतर जन्मलेली सगळी माणसं साहेबांच्या लेखी पोरंच.) उद्या हाच प्रमुख झाला, तर रजेच्या अर्जावर त्याची सही घ्यावी लागणार. साहेबांना लिफ्टमध्येच घाम फुटला.

"पेनिट्रेशन टेस्टिंग म्हणजे काय ते तरी माहितीये का, बाबा?" घरी मुलीने विचारलं. ती कॉम्प्युटरच्याच शेवटच्या वर्षाला होती, त्यामुळे साहजिकच तिला विचारायचं साहेबांच्या मनातही आलं नव्हतं.

"सुरक्षा तपासायची."

"दुसऱ्याच्या सिस्टिममध्ये त्याची परवानगी घेऊन घुसायचं, आणि कुठून घुसलो ते त्याला लिहून द्यायचं. परवानगी नसेल तर ती सरळ चोरी."

"मला सुरक्षा शिकवू नकोस. या घराच्या दाराला तीन कुलपं मी बसवलीत."

"त्यातल्या दोन कुलपांच्या किल्ल्या तुम्हीच हरवल्यात," आतून पेपर तपासता तपासता मुलीची आई म्हणाली. ती गणिताची शिक्षिका. तिच्या तोंडून आकडा कधी चुकत नसे.

आता टूल्स निवडायची होती. मुलीने सांगितलं, तीन पुरेत. एक, समोरच्या मशीनची कुठली दारं उघडी आहेत ते पाहणारं. दुसरं, वेबसाइटच्या फटी शोधणारं. तिसरं, पासवर्ड फोडणारं. तीच घ्या, रोज वापरा, हात बसू द्या.

साहेबांनी तिच्याकडे दयेने पाहिलं. खरेदी विभागात आयुष्य गेलेला माणूस असा बाजारात पहिलं दिसलं ते उचलत नाही. तीन कोटेशनं आल्याशिवाय ऑफिसात त्यांनी खोडरबरही येऊ दिला नव्हता, त्यांचं नाव काय उगाच पडलं होतं? त्यांनी प्रत्येक कामासाठी तीन-तीन टूल्स उतरवली, आणि तुलना करताना शंका नको म्हणून वर आणखी दोन. मग तुलनात्मक तक्ता मांडला. रकाने आखले, रंग भरले, शेरे लिहिले. एका टूलला त्यांनी 'दिसायला भारदस्त' असा शेरा दिला. दुसऱ्याला 'परदेशी वाटते'. महिना गेला, दुसरा गेला. लॅपटॉप बिचारा धापा टाकू लागला. टूल मात्र एकही चालवून झालं नव्हतं.

"बाबा, टायवाला काय करतोय?"

"तो? तो एकच टूल घेऊन बसलाय. रोज तेच तेच. कल्पकता नाही."

परीक्षा तोंडावर आली तेव्हा मुलीचा धीर सुटला. तिने आपला जुना लॅपटॉप माळ्यावरून काढला, त्यात मुद्दाम फटी ठेवल्या आणि बाबांना त्याचा पत्ता दिला. पत्ता म्हणजे आकडेच, पण नेटवर्कवर प्रत्येक मशीन अशाच आकड्यांनी ओळखलं जातं. "यावर हल्ला करा. फक्त यावर. आणि आधी ऑफिसची VPN बंद करा." ही VPN म्हणजे घरबसल्या ऑफिसच्या नेटवर्कमध्ये नेणारं भुयार. ते उघडं राहिलं, की घरून टाकलेलं पाऊल ऑफिसात पडतं.

"कळतं मला," साहेब म्हणाले. हे दोन शब्द वडीलधाऱ्यांच्या तोंडून आले, की समजावं, आपलं वाक्य त्यांनी अर्ध्यातच सोडलेलं आहे.

रविवारी दुपारी मुलगी मैत्रिणीकडे गेली आणि साहेबांनी चढाई केली. एकेक टूल चालवून पाहणं त्यांना अन्यायाचं वाटलं. सगळ्यांना समान संधी मिळावी म्हणून त्यांनी अकराच्या अकरा एकदम सोडली. पडद्यावर हिरव्या ओळी धावू लागल्या. थोड्या वेळाने समोरचं मशीन उत्तर देईनासं झालं.

"शरण आला," त्यांनी बायकोला सांगितलं.

"कोण?"

"शत्रू."

"बरं. जाताना पंखा बंद करा."

सोमवारी ऑफिसच्या इमारतीचं दार कुणाच्याच कार्डाने उघडेना. अधिकाऱ्यांपासून शिपायापर्यंत सगळे फुटपाथवर, आणि त्यांच्यात संचालकबाई स्वतः. सगळ्यात मोठा आवाज कोटेशनसाहेबांचा: "म्हणून मी म्हणतो, सुरक्षेकडे कुणाचं लक्षच नाही." तेवढ्यात मुलीचा फोन आला.

"बाबा, माझ्या लॅपटॉपला काल कुणी हातसुद्धा लावलेला नाही. VPN बंद केली होती ना?"

"इथे ऑफिसचं दार उघडत नाहीये, नंतर बोलू," साहेब म्हणाले.

"बाबा, तुमच्या ऑफिसातल्या दाराच्या सर्व्हरचा पत्ता काय आहे?"

साहेबांनी दाराजवळच्या यंत्रावरची चिठ्ठी वाचून दाखवली. पत्ता तोच, लॅपटॉपचा होता. दोन गल्ल्यांत एकाच नंबरची दोन घरं असावीत, तसं. भुयार उघडं होतं, म्हणून साहेबांची फौज घरातला लॅपटॉप सोडून थेट ऑफिसावर चालून गेली होती.

"जाऊन खरं सांगा," मुलगी म्हणाली. "आत्ताच."

साहेबांनी फोन खिशात टाकला. नोकरीचा प्रश्न होता. शिवाय कुलूपवाल्याला बोलावून दार उघडल्यावर जी मीटिंग झाली, तिच्यात कळलं, की दैव त्यांच्या बाजूला आहे. कोण कुठून आलं याच्या नोंदी ठेवणारा सर्व्हरही त्याच माऱ्याखाली आडवा झाला होता. नुसतं तोंड मिटून बसायचं होतं.

"हल्ला बाहेरून झालाय," टायवाला सांगत होता. "कुणी केला ते कळणार नाही, त्याच्या टूल्सच्या खुणा तेवढ्या दाराच्या सर्व्हरवर उरल्यात. पण मॅडम, घाबरायचं कारण नाही. चोर अगदीच कच्चा आहे. एकाच दारावर अकरा जणांनी एकदम डोकं आपटावं, तसा प्रकार. सुट्टीत कंटाळलेलं एखादं बारा वर्षांचं पोर असेल."

"मग मिटवा विषय," संचालकबाई म्हणाल्या.

विषय मिटला होता. साहेब वाचले होते. आणि साहेब उभे राहिले.

"बारा वर्षांचं पोर कशावरून? टूल्सच्या निवडीत मला तरी अभ्यास दिसतो."

"कसला अभ्यास, सर? तीन टूल्स एकच काम करणारी. एकदम चालवली, तर एकमेकांचेच पाय ओढतात. पोरालाही कळतं."

"तुलना करूनच घेतलेली असणार ना ती."

"तुलना करणारा माणूस एक घेतो. सगळी घेणाऱ्याला आम्ही गाढव म्हणतो, सर."

"मी केला हल्ला," साहेब म्हणाले.

अख्खी खोली हसली. संचालकबाईंनी डोळे पुसले. "बसा हो. तुम्ही प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी शिपायाला हाक मारता."

मग मात्र साहेबांनी रविवार दुपारची सगळी कहाणी सांगितली, रकान्यांसकट. टायवाल्याचं हसू हळूहळू ओसरलं. "मॅडम," तो म्हणाला, "हे खरं बोलताहेत." रागावण्यापेक्षा बाई विचारातच जास्त पडल्यासारख्या दिसत होत्या.

संध्याकाळी साहेब घरी आले. दारातच बूट काढायला बसले.

"नोकरीवरून काढलं?" मुलीच्या आईने विचारलं.

"सिक्युरिटी सेलमध्ये घेतलं."

मुलीने मान वर केली. "तुम्हाला? काय म्हणून?"

"प्रमुख टायवालाच. पण नवीन काहीही बसवलं, की पहिल्यांदा माझ्या हातात द्यायचं. मला मोडता आलं, तर ते कुणालाही मोडता येईल, असा नियमच केलाय बाईंनी."

"आणि परीक्षा?"

"ती देऊ नका म्हणाल्या." साहेबांनी मोजे नीट घडी करून बुटात ठेवले. "थोडं जरी शिकलो, तरी या पदाला अपात्र ठरेन."