दोडका, चार वाजता

आमच्याकडे माणसं येत नाहीत, भाज्या येतात. निदान कुसुमताई मेश्रामांच्या रजिस्टरात तरी.

"मॅडम, चार वाजता दोडका. साडेपाचले फुलकोबी. वांगं आज येऊन नाही राहिलं, त्याच्या घरी पाहुणे आले."

मी समुपदेशक आहे. रायपूरला गुढियारीत, मालधक्क्याजवळच्या एका इमारतीत वरच्या मजल्यावर माझ्या दोन खोल्या आहेत. लोक येतात, नवऱ्याबद्दल, सासूबद्दल, उडालेल्या झोपेबद्दल बोलतात. मी ते लिहून ठेवते. हे कागद सांभाळायला मी कुसुमताईंना ठेवलं. त्या रेल्वेच्या रेकॉर्ड रूममधून निवृत्त झालेल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी फायलींवरची सगळी नावं ब्लेडनं खरवडून काढली आणि भाज्यांची घातली. कोणती भाजी कोण, ते फक्त त्यांच्या डोक्यात.

"ताई, तुम्ही आजारी पडलात तर?"

"पडत नाही," त्या म्हणाल्या. विषय संपला.

खऱ्या फायली एका लोखंडी पेटीत असत. पेटीवर सतरंजी, सतरंजीवर कुसुमताई. डबाही तिथंच खायच्या. माझे वडील आले तेव्हासुद्धा उठल्या नाहीत, बसूनच 'जयभीम' केला. समोर काचेचं मोठं कपाट होतं, भलंथोरलं कुलूप लावलेलं. आत फायलींच्या पुठ्ठ्यांत बांधलेली रेल्वेची जुनी वेळापत्रकं.

"हे काहून?" मी एकदा त्यांच्याच भाषेत विचारलं.

"चोराले काही तरी पाहिजे ना."

मी हसले होते.

मार्चमधल्या एका दुपारी दोडका आली. तिचं नाव मी इथंही सांगणार नाही. ती शाळेत शिकवायची. नवऱ्यापासून वेगळं व्हायचं होतं, आणि पाच वर्षांची मुलगी स्वतःजवळ हवी होती. आतल्या खोलीत ती मला सांगत होती, "वो बोलते हैं, कोर्ट में तुझे पागल साबित करूँगा." तेवढ्यात बाहेरून पुरुषी आवाज आला. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"वही हैं," ती कुजबुजली.

मी आवाज न करता कडी लावली. दार उघडलं असतं, तर ती त्याला दिसली असती. मी फोनवरून पोलिसांना हळूच पत्ता सांगितला आणि दाराला कान लावून उभी राहिले.

"मेरी वाइफ यहाँ आती है. फाइल निकालो."

"नाव काय तिचं?"

त्यानं नाव सांगितलं.

"अशी कोणी नाही येत."

"झूठ मत बोलो! स्कूटी नीचे खड़ी है."

स्कूटी खरंच खाली होती. कुसुमताईंचा आवाज मात्र तसाच, तिकीट खिडकीवरच्यासारखा.

"स्कूटी खाली आहे, त खाली विचारा. खाली शिवणक्लास आहे, दाताचा डॉक्टर आहे. दात दुखत असन तिचा."

मग काच फुटली. दोडकानं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बोटं बधिर झाली. बाहेर दोघं होते, नवरा दुसऱ्याला ओरडून सांगत होता, "सब उठा ले!" पुठ्ठे धडाधड खाली पडले. मग पावलं पेटीकडे वळली.

"ए अम्मा. उठ. पेटी में क्या है?"

"गुडघ्यात वात आहे, भैया. उठता येत नाही. तुमी उचलता का मले?"

काहीतरी सरकल्याचा आवाज आला. मी कडीवर हात ठेवला. आता बाहेर जायचंच. इतक्यात जिन्यावर शिवणक्लासच्या बायकांचा गलका ऐकू आला, आणि दुसरा माणूस म्हणाला, "चल, चल, लोग आ रहे हैं." धावत्या पावलांचा आवाज खाली गेला.

मी दार उघडलं. कुसुमताई पेटीवरच होत्या. काचेनं हाताला कापलं होतं, सतरंजीवर रक्ताचे थेंब. त्यांनी उठायचा प्रयत्न केला. पाय खरंच उचलेनात. इतक्या थरथरत होत्या.

पोलीस आले, तक्रार झाली. पळवलेल्या फायलींत आगगाड्यांच्या वेळा निघाल्या. पुढं कोर्टात हा प्रकार त्याच्याच अंगलट आला, आणि मुलगी आईजवळ राहिली.

मुलीच्या वाढदिवसाचं आमंत्रण घेऊन तिची आई स्वतः आली. "आंटी, आपको आना ही पड़ेगा." कुसुमताईंनी मान डोलावली. गेल्या मात्र नाहीत.

"का हो ताई?"

"मॅडम, मी कुठंच जात नाही आता. लग्नात नाही, बारशात नाही. कोणी ना कोणी आपल्या इथलं तिथं निघतेच. मले पाहिलं का त्याच्या हातातला घास थांबते. वाटते, ही आता बोलते का काय." त्या डबा आवरत होत्या. "जेऊ द्या ना बिचाऱ्याले सुखानं."

"भावाकडे तरी जाता ना?"

"त्याची सून येते तुमच्याकडे," त्या म्हणाल्या, आणि लगेच ओठ मिटले. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून निसटलेली ती एकच गोष्ट.

त्या मुलीच्या आईनं पाठवलेला वाढदिवसाचा फोटो मी फोनवर काढून पुढं केला. पिवळ्या फ्रॉकमधली मुलगी, गालाला क्रीम, बाजूला तोंड भरून हसणारी आई. कुसुमताईंनी चष्मा पुसला. पुष्कळ वेळ पाहत राहिल्या.

"मिटवून टाका आता," त्या म्हणाल्या. "असं ठेवत नका जाऊ फोनात."

मी बोट बटणाकडे नेलं.

"थांबा," त्यांनी माझा हात धरला. "अजून एकडाव पाहू द्या."