आक्कांच्या दफ्तराचा गड एक दिवस बंद राहिला त्याची हकीकत

ज्या देवतेने अक्षर निर्माण केले आणि ते पुसले जाण्याची वाटही मोकळी ठेविली, तिचे स्मरण करून हे लिहिले आहे. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभननाम संवत्सरे, आश्विन शुद्ध एकादशीचे दिवशी एका राज्यात जे वर्तमान जाहले ते येणेप्रमाणे. राज्याचे नाव कोणी ठेविलेले नाही. विस्तार दोन खोल्या आणि एक गॅलरी इतका. राज्य दिगंबरपंत करीत. वय पंच्याहत्तर, वाचन दांडगे, स्वभाव भिडस्त. हुकूम सोडण्याआधी तो योग्य की अयोग्य याचा विचार करीत, आणि विचार पुरा होण्याआधी त्यांच्या पत्नी कुमुदबाई हुकूम सोडून मोकळ्या होत, आणि ऐसे राज्य सुखाने चालले होते.

राज्यात गड एकच. मेजाखाली काळी पेटी, मेजावर काचेचा पडदा, त्यापुढे कळफलक. लोक त्यास कॉम्प्युटर म्हणत. गडाचे पोटात दफ्तर, आणि दफ्तरात मोलाची वस्तू एकच. पंतांची थोरली बहीण द्वारकाबाई, ज्यांस सारे आक्का म्हणत, वय अठ्ठ्याऐंशी, दृष्टी मंदावलेली, त्यांनी दोन वर्षे दर बुधवारी येऊन आपला जन्मवृत्तांत सांगितला होता आणि पंतांनी तो एका बोटाने टंकून घेतला होता. पाने दोनशे चौदा जाहली. त्यांची दुसरी प्रत नव्हती, कारण पंतांचे मनात भय की नकला काढता काढता अस्सल झिजते, जैसा शिक्का झिजतो. आणि हे भय त्यांनी कोणास विचारून पाहिले नाही, कारण कोणी हसेल हे दुसरे भय. एकादशीस दुपारी आक्कांनी यावे, आणि पंतांनी पहिल्या पानापासून सारे वाचून दाखवावे, ऐसा करार ठरला होता.

आता संकट कैसे आले ते ऐकावे. खंडेनवमीस त्या राज्यात शस्त्रपूजा होई. रीत ऐशी की पूजेआधी प्रत्येक शस्त्र आपल्या घरात बसलेले असावे. सुरी म्यानात, कात्री खोळीत, पंतांचा चष्मा डबीत. तेव्हां कुमुदबाईंनी पाटावर पेनड्राइव्ह उघडा पडलेला पाहिला आणि विचारिले, "हे कुठलं? याचं घर कुठे?" आणि पंतांनी तो नेऊन गडाच्या खाचेत बसविला. मग गड मिटावयास लागले, तो पडद्यावर अक्षरे उमटली की आत कामे उरकणे चालू आहे, तोवर वीज तोडू नये. आणि इकडे स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, नैवेद्य निवतोय. त्याचं काय म्हणणं आहे ते उद्या ऐका." पंतांनी दोहों बाजूंचा विचार केला आणि भिंतीवरचे बटण दाबिले. मग गडास हळदकुंकू वाहिले, झेंडूची माळ घातली, आणि राज्य जेवावयास बसले. दुसरे दिवशी दसरा, सोने वाटण्यात गेला.

एकादशीस सकाळी स्नानसंध्या करून पंतांनी गडाची कळ दाबिली. दिवा लागला, पंखा घुमला, आणि काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक पांढरी ओळ येऊन उभी राहिली. तिचा मतलब ऐसा की ये जागी कारभारी सापडत नाही. पंतांनी चष्मा पुसून पुन्हा वाचिली, आणि गड बंद करून पुन्हा उघडिला, आणि तीच ओळ. ऐसे सहा वेळा जाहले. मग माळेने वारा कोंडला असेल म्हणून माळ काढिली, आणि तीच ओळ. मग कुंकवाचे बोट ओल्या फडक्याने पुसिले, देवाची क्षमा मागितली, आणि तीच ओळ. तेव्हां पंत खुर्चीवरून उठून भिंतीस टेकून उभे राहिले.

कुमुदबाई साबुदाणा निवडीत होत्या. "काय झालं?" त्या बोलिल्या.

"काही नाही."

"काही नाही म्हणताना तुमचे कान लाल होतात."

"आक्काचं गेलं बहुतेक. सगळं. मी काय तोंड दाखवू तिला?"

"जे आहे तेच दाखवा, दुसरं कुठून आणणार. तांबोळीबाईंना फोन लावा."

"सणासुदीचं त्यांना कशाला..." पंत इतुके म्हणतात तो कुमुदबाईंनी फोन लाविला होता.

गल्लीच्या तोंडाशी शबानाबाई तांबोळी यांचा टायपिंगचा क्लास. पंचेचाळिशीच्या, हाती गुण, जिभेस धार, आणि मुलुखातील निम्मे गड त्यांच्या हातून बरे जाहलेले. त्या आल्या, वाकून पेटीकडे पाहिले आणि बोलिल्या, "काका, हा पेनड्राइव्ह इथे काय करतोय?"

"म्यानात आहे," पंत म्हणाले.

"कसल्या म्यानात?"

कुमुदबाईंनी सारी रीत सांगितली, आणि तांबोळीबाई जमिनीवर बसूनच हसल्या. मग म्हणाल्या, "अहो काकू, हा चालू होताना आधी दारात बघतो, बाहेरून कुणी आलंय का. आलं असेल तर त्यालाच विचारतो, घर तू चालवतोस का म्हणून. आहे काय ह्याच्यात?"

"आरत्या."

"मग तो काय सांगणार बिचारा. आणि ह्यानं घरात विचारलंच नाही." ऐसे बोलून त्यांनी तो पाहुणा खाचेतून काढिला, कळ दाबिली, आणि गडाचा दरवाजा किलकिला जाहला. पंतांस हर्ष जाहला. पण हर्ष पुरा होईना, तो दुसरी ओळ आली की दफ्तरात घोळ आहे, तपासणी करणे प्राप्त. आणि तिजखाली आकडा, शेकडा एक.

तांबोळीबाई गंभीर जाहल्या. "शेवटचं नीट बंद केलं होतं ना?"

पंतांनी कुमुदबाईंकडे पाहिले आणि कुमुदबाईंनी साबुदाण्याकडे. "नैवेद्य निवत होता," त्या म्हणाल्या.

"बरं. आता ह्याला हात लावायचा नाही. आतला एकेक कागद उचलून बघणार तो, कुठला कुठे पडलाय ते. मधेच बटण दाबलंत तर पुढचं माझ्याच्यानं होणार नाही. दुसरी प्रत आहे ना?"

पंतांनी शिक्का झिजतो ती गोष्ट सांगितली. त्या हसतील हे भय होते, पण तांबोळीबाई हसल्या नाहीत, आणि ते अधिक वाईट वाटले. "आरत्यांची प्रत ठेवलीत," त्या म्हणाल्या, "आणि माणसाची नाही."

मग वाट पाहणे आले. आकडा अकरावर गेला आणि तेथेच ठाण मांडून बसला. पंत दर दोन पळांनी जाऊन पाहात आणि अकरा वाचून परत येत. एकदा बटणाकडे हात गेला, की नव्याने प्रारंभ केल्यास झपाट्याने होईल, आणि कुमुदबाई नुसत्या खाकरल्या, आणि हात मागे आला. ऐशा समयी दारात रिक्षा वाजली आणि आक्का काठी टेकीत आल्या. स्थानापन्न जाहल्या, पाणी प्याल्या आणि बोलिल्या, "हं दिगू, कर सुरुवात. माझ्या जन्माची तिथी बरोबर लिहिली आहेस ना?"

पंतांचे आयुष्य रात्रंदिन भिण्यात गेलेले, पण त्या वेळी खोटे बोलवेना. म्हणाले, "आक्का, ते बहुतेक गेलं. माझ्या हातून. दोनशे चौदा पानं. पुन्हा तुला दोन वर्षं बसवायला मी कोणत्या तोंडाने..."

आक्का म्हणाल्या, "इतकंच ना? तुझा चेहरा दिसत नाही मला, पण आवाजावरून वाटलं कोणी वारलं."

"इतकंच काय गं. तुझा जन्म होता तो."

"अरे होतं काय त्यात? सासूबाई देवमाणूस, हे सत्पुरुष, आणि मी पहाटे चारला उठून जात्यावर ओव्या म्हणतेय. मलाच कंटाळा येत होता सांगताना."

"मग सांगितलंस का तसं?"

"तू समोर मान खाली घालून एका बोटाने टकटक करायचास. एकेक अक्षर शोधायचास. अशा माणसाला खरं सांगायला घेतलं तर सात जन्म पुरायचे नाहीत. आणि खरं सांगू का, तुझ्या त्या बोटापायी माझा जीव जायचा. मला दहा बोटांनी येतं."

सभा चकित जाहली. तांबोळीबाई निघावयास उठल्या होत्या त्या पुन्हा बसल्या. "काय येतं, आजी?"

"टायपिंग. तालुक्याला शिकले, लग्न झाल्यावर तिसऱ्या वर्षी."

"सासूबाईंनी सोडलं?" कुमुदबाईंनी विचारिले.

"टायपिंगला कशी सोडेल? सोळा सोमवार धरलेत म्हणून सांगितलं. तालुक्यात महादेवाचं देऊळ होतं ना. दर सोमवारी सकाळच्या मोटारीने जायची, क्लासात दोन तास बडवायची, आणि येताना स्टँडवरचे पेढे घेऊन प्रसाद म्हणून द्यायची. सासूबाई ते डोळ्यांना लावून खायच्या."

"आणि उपास?"

"तो खरा. तेवढं एक देवाला ठेवलं होतं."

"पुढे उद्यापन?" पंत हळूच बोलिले, कारण ग्रंथ वाचणारास पुढील विधी ठाऊक असतो.

"तीच तर गंमत. सासूबाईंनी हौसेने घातलं. सोळा मेहुणं जेवायला. माझ्या टायपिंगचं उद्यापन, बघ. सगळ्यांनी आशीर्वाद दिले, आणि मी परीक्षेत पहिली आले."

कुमुदबाई पदर तोंडास लावून हसू लागल्या आणि साबुदाणा परातीतून सांडला. पंतांस मात्र निराळेच जाहले. सत्तर वर्षे ज्या बहिणीस ओळखतो म्हणत होते, ती आता प्रथम घरात आल्यासारखी वाटली. आणि ही जर आता बोलता बोलता थांबली तर पुन्हा सापडणार नाही, ऐसे भय वाटले, आणि हे भय आजवरच्या साऱ्या भयांहून निराळे होते, कारण याने हात कापेना, उलट चालू लागला. मेजावर किराण्याच्या यादीची वही होती. ती ओढिली, पेन्सिल घेतली, आणि म्हणाले, "पहिल्या सोमवारपासून सांग. सासूबाईंना काय म्हणालीस, शब्द न शब्द."

आणि आक्का सांगो लागल्या, आणि पंत लिहो लागले, आणि तांबोळीबाई मधेच विचारीत की यंत्र कुठले होते, आणि कुमुदबाईंनी खिचडी तेथेच आणून दिली, आणि चौथ्या सोमवारी मोटार चुकली, आणि सहाव्या सोमवारी मामेसासरे स्टँडवर भेटले, आणि देवळापर्यंत सोबत निघाले, तेव्हां आक्कांनी पेढेवाल्यास हळूच देवळाची वाट विचारिली, कारण ते स्वतः कधी पाहिले नव्हते. ऐसे होता होता दिवेलागणी जाहली. तो मेजावरून एक मधुर नाद उठला, पडदा निळा जाहला, आणि तांबोळीबाईंनी पुढे होऊन गडात शोध केला.

"काका, आलं. दोनशे चौदा पानं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. बघताय ना?"

पंत अर्धे उठले.

"बस खाली," आक्का म्हणाल्या. "तुला नववा सोमवार सांगतेय मी."

आणि पंत बसले.

सारांश की गड राहिला, दफ्तर राहिले, आणि तांबोळीबाईंनी त्याच संध्याकाळी त्याच्या दोन प्रती काढून दिल्या, अस्सल झिजले नाही. त्या प्रती कपाटात आहेत आणि अद्याप कोणी उघडलेल्या नाहीत. खरा वृत्तांत किराण्याच्या वहीत पेन्सिलीने आहे. अक्षर घाईचे, कित्येक ठिकाणी लागत नाही, कारण आक्का थांबत नव्हत्या.